निंबांकडे तोंड केलेली कोठी

मधुभाऊ गेल्याचा फोन देवपूरहून आला तेव्हा मी दुकानात होतो. दोंडाईच्यातलं आमचं घर त्यांनी आखलेलं. धुळ्याच्या देवपुरातले हे आर्किटेक्ट विलायतेला कधी गेले नाहीत, पण तिथल्या खेड्यांमधल्या जमीनदारांच्या जुन्या कोठ्यांवर त्यांचा जीव. कुठली खिडकी कुठे आणि का, हे आजोळाबद्दल बोलावं तसं सांगायचे.

मिरचीच्या धंद्यात बरे दिवस आले तेव्हा मी त्यांच्यापुढे कॅलेंडरवरचं चित्र ठेवलं. धुराडं, उतरती कौलं, उंच खिडक्यांची रांग... अस्संच हवं, दक्षिणेच्या रस्त्याकडे तोंड करून. ते हसले. "तिकडे ऊन पाहुण्यासारखं येतं, म्हणून खिडक्या त्याच्या वाटेकडे. आपल्याकडे ते हलतच नाही, भाऊ. कोठी हीच बांधू, फक्त फिरवून." आणि खरंच फिरवली. देखणी बाजू मागे उत्तरेला, कडुनिंबांकडे. रस्त्याकडे कोठार, जिना, जाड भिंत. "लोकांना काय दिसेल?" मी कुरकुरलो. "लोक पुढे निघून जातील. राहायचं तुम्हाला आहे."

वास्तुशांतीच्या पंगतीत माझे वडील, आबा, म्हणाले, "हाई घर शे का रुसेल सून? रस्ताकडे पाठ करीसन बठेल शे!" पाठ फिरवून बसलेल्या रुसक्या सुनेवर सगळे हसले. लाज झाकायला मीही म्हणालो, "आर्किटेक्टनं नकाशाच उलटा धरला." हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं दुकानात चालवलं. पहिल्याच उन्हाळ्यात घरानं मला खोटं पाडलं होतं, आणलेला कूलर खोक्यातच राहिला... तरी चालवलं. गावात मधुभाऊंना दुसरं काम मिळालं नाही. माझं वाक्य त्यांच्या कानावर गेलंच असणार. पण इकडे आले की चहाला येत, कौलांची, निंबांची चौकशी करत, एका शब्दानं बोलले नाहीत. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

ते गेल्यावर देवपूरला भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, विचारलं, "घर थंड राहतं ना हो? ह्यांना वाटायचं, तुम्ही कधीतरी सांगाल."

"पहिल्या दिवसापासून राहतं."

"मग सांगायचं होतं की," त्या म्हणाल्या.

परवा एक ओळखीचे व्यापारी घर बांधायचं म्हणून सल्ल्याला आले. भर दुपारी त्यांना उत्तरेच्या खोलीत बसवलं, पंखा लावला नाही. जरा वेळानं त्यांनी घाम पुसायचा रुमाल घडी करून खिशात ठेवला, आढ्याकडे पाहिलं. "कुणाचं हो हे काम?" मी मधुभाऊंचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, मोठ्यानं.

"पत्ता द्या की त्यांचा," ते म्हणाले.