अनुसयाबाईंनी बांधलेली दोरी

अनुसया दहा वर्षांची असताना तिनं आईबापांचं एक भांडण पडद्याआडून ऐकलं होतं. वडील सदाशिव पलटणीच्या बँडात ढोल वाजवायचे. घर मूळचं साताऱ्याकडचं, पण बिऱ्हाड तेव्हा जयपूरच्या छावणीत.

"पोरीचा हात तुमच्या दोन्ही लेकांपेक्षा सरळ पडतो," आई म्हणत होती. "तिला शिकवा की."

"दोऱ्या बांधती, पट्टे पांढरे करती, तेवढं बास. बँडात बाई बघितलीस कुठं?"

"घरातला बँड मी रोज वाजवते, तो तेवढा दिसत न्हाई तुम्हाला!"

वडील हसले नाहीत. अनुसया दोऱ्याच बांधत राहिली. ढोलाच्या पोटाखाली बारीक तारांचा एक पट्टा असतो, तो दोन्ही बाजूंनी दोरीनं ताणून बांधायचा. तारा असल्या की ढोल कडकड बोलतो, नसल्या की तेलाच्या डब्यासारखा बद्द वाजतो. पण बांधणाऱ्यानं नुसतं बांधायचं. काठी मारून बघायचा मान वडिलांचा. अनुसयाचा सगळा सराव मग पोळपाटावर, आई मंदिरात गेली की.

त्याला साठ वर्षं झाली. लग्नही जयपुरातच झालं. आता तिथल्याच झोटवाडा वस्तीत दोन खोल्या, कारखान्यात सुपरवायझर असलेला लेक चंदन, आणि नात प्रणाली. या नातीनं पलंगाच्या जागी ड्रम मांडलेले. चंदन जमिनीवर झोपून झोपून वैतागला होता.

"शनिवारी क्लबमध्ये पहिला कार्यक्रम आहे ना?" तो लेकीला म्हणाला. "मालकानं दर शनिवार दिला, तर वाजव. नाहीतर रविवारी ड्रम विकले आणि पलंग आणला. माझी कंबर धरली आहे."

शनिवारी संध्याकाळी अनुसयाबाई इरकली नेसून लेकाबरोबर सोडाला भागातल्या क्लबात गेल्या. आत इतका अंधार, की समोरच्या बशीत काय आहे ते खाल्ल्यावरच कळायचं. कार्यक्रम सातचा. पावणेसातला प्रणाली धावत आली, तोंड एवढंसं झालेलं.

"आजी, मतलब सगळं खतम! तारांच्या ढोलाची खालची दोरी तुटली. दुसरी आणलीच नाही."

चंदन हाताची घडी घालून बसला होता. "झालं तर मग. पलंग कुठला घ्यायचा?"

"तू गप बस रे," अनुसयाबाई म्हणाल्या. "पोरी, कात्री आण."

त्या बाथरूममध्ये गेल्या. परकराच्या नाडीची दोन्ही लांब टोकं कापून घेतली आणि उरलेल्या इवल्याशा तुकड्याची गाठ मारली. गाठ कसली, नुसती आशा. एक हात कमरेवर ठेवूनच त्या स्टेजवर चढल्या.

ड्रमच्या स्टुलावर घट्ट बसून ढोल उपडा केला. टोकं थुंकी लावून ओवली, दोन्हीकडून सारखी ओढली. एक बाजू ढिली राहिली की तारा रुसतात. बोटं साठ वर्षांनीही चुकली नाहीत.

"हं, मार," असं म्हणून ढोल द्यायला त्या वळल्या आणि थांबल्या. बघायला वडील नव्हते.

"काठ्या दे इकडं."

"आजी, तुला येतं?"

"बघू की."

आधी हळू, मग जोरात, मग दोन्ही हात एकात एक मिसळून कडकडाट असा उठला, की वेटर ट्रे घेऊन जागीच उभा राहिला. पोळपाटावर कधी एवढा आवाज निघाला नव्हता. अनुसयाबाईंनी शेवटचा ठोका मारला, काठ्या नातीच्या हातात दिल्या आणि कमरेवर हात ठेवून खाली उतरल्या. अंधारात टाळ्या पडत होत्या.

मग प्रणालीनं वाजवलं. पहिल्या गाण्याला लोक वळून बघायला लागले, तिसऱ्याला टेबलं सोडून नाचायला. शेवटी सगळा क्लब उभा राहून टाळ्या वाजवत होता. फक्त अनुसयाबाई बसून.

"आई, ऊठ की! तुझीच नात आहे!"

"उठले तर क्लबला भलतंच बघायला मिळेल," त्या म्हणाल्या.

मालक पृथ्वीराजजी स्वतः टेबलापाशी आले. "अम्माजी, हर शनिवार पक्का. आणि तुम्हीपण यायचं."

चंदन उठला आणि सगळ्यात जड ड्रम स्वतः उचलला. "पुढच्या शनिवारी जादा दोरी मी आणतो," तो म्हणाला. "आणि पलंग बाहेरच्या खोलीत बसतो का, मोजून बघू."

झोटवाड्याच्या वळणावर अनुसयाबाईंनी ऑटो थांबवला. दुधाचा बूथ बंद व्हायला आला होता.

"अम्मा, आज बडी देर?"

"काम था भैया."

त्यांनी रोजच्यासारख्या दोन पिशव्या मागितल्या, गळत नाहीत ना म्हणून दाबून बघितल्या, एक परत देऊन बदलून घेतली, आणि एका हातात दूध, एका हातात परकर धरून घरी निघाल्या.