भागुबाईची वाट

डोंगरभटकंतीचे व्हिडिओ करणाऱ्या धवलसाहेबांनी म्हणे लोणावळ्यामागच्या डोंगरात नवी वाट 'शोधून काढली'. गेल्या पावसाळ्यात हेच गृहस्थ धुक्यात भरकटून रडकुंडीला आले होते. गवत कापणाऱ्या रतनबाईंनी त्यांना हाताला धरून खाली आणलं, भाकरी खाऊ घातली. महिन्याभरात मोबाइलवर व्हिडिओ आला: 'धवल ट्रेल'. लाज म्हणून काही?

ती वाट रतनबाईंच्या सासूबाईंनी, भागुबाईंनी पाडलेली. करवंदीच्या जाळ्या कोयत्याने तोडत, म्हशींमागे रोज चढउतार करून. आमच्याकडे कुणी रस्ता विचारला तर नुसता हात दाखवून भागवत नाहीत, सोबत चालतात. रतनबाईंची चूक झाली ती एवढीच.

मी इथल्या एका बोर्डिंग शाळेत इतिहास शिकवायचे. अमेरिकेचा पश्चिम भाग 'शोधणारे' लुईस आणि क्लार्क तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतले. माझी मलाच कीव येते. निवृत्तीनंतर तिथल्या मूळच्या रहिवाशांची, निमीपू लोकांची बाजू वाचली आणि रतनबाईंच्या ओसरीवर बसून त्यांना सांगितली. लुईस-क्लार्कची टोळी डोंगर उतरून उपाशीपोटी आली. यांना मारून टाकावं, असं निमीपूंच्यात चाललं होतं. वॉटकुवीस नावाची म्हातारी म्हणाली, यांना काही करू नका. मग त्यांना कंद दिले, मासे दिले, पुढची वाट दाखवली.

"म्हातारीचं नाव लिवलं का त्यांनी?"

"नाही. तिच्या माणसांनी जपलं."

"खायाला बरं ग्वाड लागलं!" रतनबाई थुंकल्या. "माज्या सासूचं नाव मी लिवून घेनार."

'धवल ट्रेल'ची पाटी वर नेऊन बसवायच्या दिवशी मला भाषणाला बोलावलं होतं. तीस पाहुणे, पाटीवर धवलचं नाव, आणि अर्ध्या चढावर धुकं. वाटेचे संशोधक आम्हाला घेऊन तीनदा त्याच दगडापाशी आले! शेवटी गवताचा भारा बांधत बसलेल्या रतनबाई दिसल्या.

"मावशी, कुठून जायचं हो?" धवलने विचारलं.

"आदी पाटीवर माज्या सासूचं नाव लिवा. भागुबाई. मंग दावते."

धवल हसला, पाहुणे हसले नाहीत. कुणीतरी मार्कर पुढे केला. धवलने आपल्या नावाखाली काहीतरी खरडलं. रतनबाईंना वाचता येत नाही. त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. "बाई, वाचा."

मी वाचलं, "आभार: गावातील एक मावशी."

रतनबाईंनी भारा डोक्यावर घेतला आणि घराकडे चालू लागल्या. पाहुणे त्यांच्या मागे उतरू लागले. वरून धवल ओरडत होता, "मावशी, थांबा ना! नाव काय म्हणालात?"