घाटावरची गाय आणि घाणेरीचा पाला

गाईचे काळे ठिपके ठणठणीत होते. पांढरं अंग तेवढं भाजून सोललं होतं. डोळे पिवळे, दूध आटलेलं. आणि तिला बांधली होती मिठबावच्या शिवेवर, राखणदार देवचाराच्या जागेत, भर वैशाखी उन्हात.

साठ सालाच्या आसपास मी देवगड तालुक्यात गुरांचा डॉक्टर होतो. गाय आवडाबाईची, नुकतीच घाटावरून आणलेली. सुनेला दूध उतरत नव्हतं, तान्हा नातू या गाईवरच वाढत होता.

"डाक्टरानू, वाचतली मां?"

"काय खाल्लं हिने?"

"आमच्या वईची घाणेरी. खाऊंदे म्हटलंय. आमी तोच पालो ठेचून जखमेक लावतंव. औषधीच मां तो?"

तिचं अगदीच चुकलं नव्हतं. त्या पानात जखमेतले जंतू मारणारी द्रव्यं असतात. पण त्याच पानातलं विष पोटात गेलं की लिव्हर बिघडते. मग चाऱ्यातलं जे द्रव्य लिव्हर एरवी बाहेर टाकते, ते रक्तात साचतं आणि ऊन लागताच कातडी भाजते. काळी कातडी ऊन अडवते, पांढरी नाही. इथल्या गाई कुंपणाच्या घाणेरीला तोंड लावत नाहीत. घाटावरचीला कोण सांगणार?

"हिला आत्ता सावलीत न्या. आजचं ऊन सोसायची नाही."

तातू गावकर, म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने बोलणारे मानकरी, मान हलवत म्हणाले, "देवचाराचो कोप आसा. बरी होयसर थंयच बांधूची लागतली."

मी लिव्हर समजावली, ऊन समजावलं. माझी डिग्री पाण्यात गेली. आवडाबाई रडत होती आणि मला भयंकर राग आला होता. तेवढ्यात गाव जमला आणि गाऱ्हाण्याची, म्हणजे देवाला सगळ्यांनी मिळून करायच्या विनवणीची, तयारी सुरू झाली. मी आवडाबाईकडून नारळ घेतला आणि तातूंपुढे ठेवला.

"माझंही एक गाऱ्हाणं घाला."

नारळ ठेवणाऱ्याला नाही म्हणायची रीत नव्हती. तातूंनी माझ्याकडे पाहिलं, मिशीत हसले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, हे डाक्टर म्हणतत, गाय सावलयेत बांधूची. ती बुद्धी सगळ्यांका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

एकदा व्हय म्हटल्यावर मोडणार कोण? दावं तातूंनीच सोडलं. सावलीत मी मॅगसल्फचा जुलाब दिला, वर विष शोषायला कोळशाची पूड पाजली. हळूहळू कातडी भरली, दूध परतलं, नातू बाळसं धरू लागला. श्रेय अर्थात देवचाराला मिळालं.

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी बॅग उघडली.

"मॅगसल्फ ठीक. हा नारळ कशाला?"

"सर, तो आधी द्यावा लागतो."