सावंतकाकूंचं निळं झाड

साखरबाईने करवत खाली ठेवली आणि मला हाक मारली.

"बाई, हिकडं ये. या झाडाला पुरळ उठलाय बघ."

मी पाहिलं. डोक्याच्या वर गेलेलं, जाड चकचकीत पानांचं झुडूप. पानांपाशी काहीच नव्हतं. पण त्याखालच्या उघड्या, जुन्या फांद्यांवर पेरापेराला मोहरीएवढे दाणे चिकटले होते. घट्ट, करडे, घोळक्याने.

"खवले कीड," मी म्हटलं.

ही कीड फांदीला चिकटून रस शोषते. लांबून ती कीड वाटतच नाही, खपली वाटते. आमच्याकडे उपाय एकच: कीड लागलेल्या फांद्या कापायच्या आणि लगेच जाळायच्या, म्हणजे शेजारच्या झाडांवर ती जात नाही.

बोईसरजवळच्या एका कारखान्याच्या वसाहतीत मी तेव्हा हॉर्टिकल्चर सुपरवायझर होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वसाहतीतल्या प्रत्येक झुडपाची माझ्या वहीत नोंद असे: नाव, क्वार्टर नंबर, छाटणीचा महिना. जास्वंद, तगर, कण्हेर, एक्झोरा. जे ओळखता येत नाही ते 'इतर'. 'इतर'ची छाटणी जानेवारीअखेर. झाडाला तो महिना मानवतो म्हणून नव्हे, तेव्हा माझी माणसं मोकळी असत म्हणून.

हे झुडूप 'इतर'मधलं. ते लावलं होतं सावंतकाकूंनी. काका कारखान्यात फोरमन, गाव आजऱ्याकडचं. अकरा वर्षांपूर्वी काकूंनी माहेरच्या देवराईबाहेर, वाटेवर पडलेलं बी उचलून आणलं होतं. देवराईतल्या झाडाला तिकडे कोणी हत्यार लावत नाही. नावही काकूंना ठाऊक नव्हतं. "निळं फुलतं," एवढंच त्या सांगत. "पानं दिसत नाहीत बघ. फांदीलाच चिकटून येतात फुलं."

अकरा वर्षांत एक फूल आलं नव्हतं. शेजारचे पाठारे रोज गेटपाशी विचारायचे, "काय वहिनी, झालं का निळं? की आधी रंगाचा डबा आणू?" क्वार्टरांची सगळी लाइन हसायची. काकूही हसायच्या, पण मग म्हणायच्या, "येईल हो. आम्ही जायच्या आत येईल." काका त्या मे महिन्यात निवृत्त होणार होते.

एकदा मी पानांची फांदी मुंबईला माझ्या कॉलेजातल्या सरांना पाठवली होती. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: फुलाशिवाय नाव सांगता येणार नाही. मग मीही तो विषय सोडून दिला.

साखरबाई करवत उचलेना. ती किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली, वयाने माझ्या आईएवढी. हे काम ती माझ्याच हाताखाली शिकली होती.

"कीड हाय, तं मुंगी कुठं हाय?"

प्रश्न बरोबर होता. खवले कीड गोड चिकटा सोडते, त्यावर मुंग्या येतात. हे तिला मीच शिकवलं होतं.

"अजून आल्या नसतील."

"एक पन नाय, बाई. मावशीला तरी इचार. तिचा झाड हाय."

काकू पालघरला दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. वहीत त्या दिवसाची अजून चौदा झाडं बाकी होती.

"साखरबाई, मुंग्यांची वाट बघत बसलो तर उद्या सगळी तगर जाईल."

"तुजी वही, तुजा हुकूम," ती म्हणाली आणि करवत लावली.

गुडघ्याएवढे खुंट ठेवले. बाकी सगळं मैदानात नेऊन जाळलं. एक डहाळी तेवढी मी पाण्याच्या बाटलीत घालून टेबलावर ठेवली. किडीची खात्री करायला भिंग लागणार होतं. ते कपाटात होतं. काढायचं राहिलं.

संध्याकाळी काकू ऑफिसात आल्या. गालावर सूज होती, त्यामुळे फार बोलता येत नव्हतं.

"सगळं कापलंस?"

"कीड होती, काकू. खाली ठेवलंय, परत फुटेल."

त्या मान हलवून गेल्या.

पाचव्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तर बाटलीतली डहाळी निळी झाली होती. एकही दाणा किडीचा नव्हता. फुलं पानांना सोडून थेट फांदीला लगडलेली, काकूंनी सांगितली होती तशीच. भिंगाची गरज उरली नाही.

बाटली तशीच हातात धरून मी काकूंकडे गेले. त्यांनी ती बराच वेळ डोळ्यांजवळ धरली.

"हेच," त्या म्हणाल्या. "पण असं नाही गं दिसत. आख्खं झाड पेटल्यासारखं दिसतं."

"पाठाऱ्यांना दाखवूया?"

"बाटलीतलं? म्हणतील, बाजारातून आणलं." त्यांनी बाटली मला परत दिली. "तुला मी सांगितलं होतं ना, फांदीला येतात म्हणून?"

सांगितलं होतं. मी ते वहीत लिहिलं नव्हतं.

फुलं सरांना पाठवली. या वेळी उत्तर सविस्तर आलं. झाडाचं नाव अंजनी. सह्याद्रीतलं, फार सावकाश वाढणारं. जुन्या लाकडावर फुलतं, त्यामुळे शक्यतो छाटू नये.

मेमध्ये सावंतांचं सामान ट्रकमध्ये चढलं. खुंटांना तेव्हा वीतभर फूट होती. काकूंनी तिला पाणी घातलं, मग ट्रकमध्ये बसल्या.

त्याच आठवड्यात मी वहीतला 'इतर' रकाना बंद केला. तेव्हापासून नाव नसलेल्या झाडापुढे एकच सूचना असे: कात्री नको, लावणाऱ्याला विचारा, फुलेपर्यंत नुसतं बघा.

पाच वर्षांनी फेब्रुवारीत अंजनी फुलली. खरंच पेटल्यासारखी. क्वार्टरमध्ये नवीन माणसं होती. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बदल्या झाल्या होत्या. पाठारे होते. मी त्यांना मुद्दाम बोलावून आणलं.

"वा, छान आहे," ते म्हणाले. "कोणी लावलं हे?"

मी काकूंना पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: पाठाऱ्यांनी बघितलं का, आणि काय म्हणाले?

मी लिहिलं, म्हणाले, वहिनींचंच खरं होतं.