बाईंची मान

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. हायस्कुलातली चित्रकलेच्या मास्तराची नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली होती. कोल्हापुरात रंकाळ्याच्या मागच्या अंगाला भाड्यानं पत्र्याची शेड घेऊन मी पुतळ्यांचं काम सुरू केलं होतं. म्हणजे पाटीवर तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात दोन वर्षांत गणपतीच्या मूर्ती, कुस्तीच्या मैदानात बक्षीस द्यायच्या ढाली आणि एका सभागृहाच्या छताची प्लास्टरची नक्षी, एवढंच हातून झालं होतं. बायको घरी शिवणकाम करायची आणि उरलेल्या वेळात माझ्याबरोबर शेडमध्ये साचे काढायची. नोकरी सोडलीत ते चुकलं, असं ती कधी म्हणाली नाही. पण मी सकाळी शेडचं कुलूप काढताना तिच्याकडं बघणं टाळायचो.

एके दिवशी दुपारी एक वयस्कर जोडपं दारात उभं राहिलं. गृहस्थांच्या अंगात पांढरा शर्ट, धोतर, कपाळाला विभूती. बाई त्यांच्या मागं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेल्या.

"पावणं, पुतळं तुमीच करतासा न्हवं?"

कुरुंदवाडला त्यांचं कापडाचं दुकान होतं. एकुलती एक मुलगी शाळेत शिक्षिका होती. सव्विसाव्या वर्षी काविळीनं गेली. तिला जाऊन दहा महिने झाले होते. शाळेच्या व्हरांड्यात तिचा अर्धपुतळा बसवावा, असं वडिलांच्या मनात होतं, आणि शाळेनंही होकार दिला होता. त्यांच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालायचं. मुलगी आईला अव्वा म्हणायची आणि वडिलांना अप्पा. पुढं आम्हीही तसंच म्हणू लागलो.

अप्पांनी पिशवीतून फोटो काढला. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांचा एकत्र काढलेला. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा.

"दुसरा न्हाय?"

"एक होता, हळदीकुंकवातला. त्यात हलली हाय."

मी तो चेहरा स्टुडिओतून मोठा करून आणला. डोळ्यांच्या जागी काळे ठिपके, ओठ धुरकट. तरीही मला भीती वाटली नाही. कॉलेजात माझा हात पोर्ट्रेटमध्ये सगळ्यांत चांगला मानला जायचा. असं एखादं काम मिळू दे, मग दाखवतो, असं मी दोन वर्षं मनाशी घोकत होतो. लोखंडी सळईचा सांगाडा उभा केला, माती चढवली आणि पंधरा दिवसांत चेहरा तयार केला. बायकोनं फोटो हातात धरून मातीशी ताडून पाहिला. म्हणाली, "हुबेहूब आहे."

मी निरोप पाठवला. दोघं आले. मी ओलं फडकं काढलं. अप्पा बराच वेळ बघत राहिले, मग मान डोलावून म्हणाले, "झालंय बगा चांगलं." अव्वांनी एकदा पाहिलं आणि त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

मी मागोमाग गेलो. "काय चुकलंय काय, अव्वा?"

"चुकलं न्हाय काय. तोंड तिचंच हाय. पर ती न्हाय ह्यात."

ती दोघं गेल्यावर मी पुन्हा फोटो समोर ठेवला. नाक जरा बारीक केलं, गालांची हाडं थोडी कमी केली, ओठांच्या कडा पुन्हा घडवल्या. आठ दिवसांनी ती दोघं परत आली. अव्वांनी या वेळी जवळ येऊन पाहिलं आणि हलकेच मान हलवली. नाही. माझा तोल गेला.

"अव्वा, फोटोला धरूनच केलंय मी. फोटोत जे न्हाय ते कुठनं आणू?"

अप्पा खाली बघू लागले. अव्वा शांतपणे म्हणाल्या, "व्हय. तुमचं बी खरंच हाय," आणि चप्पल घालून निघाल्या. चहा ठेवायला गेलेली माझी बायको आतून बाहेर येईपर्यंत ते कोपऱ्यावर पोचलेसुद्धा होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. "पोर गेलीय त्यांची," एवढंच बोलली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही आमच्यात जेवणाखाणापलीकडं बोलणं झालं नाही.

पुढच्या आठवड्यात अव्वा एकट्याच एस.टी.नं आल्या. दुकान सोडून अप्पांना सारखं येता येत नव्हतं. मी सांगाड्यासमोर बसलो होतो, पण हात लावायची हिंमत होत नव्हती. त्या आल्या त्या तडक पुतळ्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. तिथं नुसता मातीचा गोळा होता. सळईचं टोकसुद्धा बाहेर आलं होतं.

"हितं काय केलंच न्हाय?"

"मागची बाजू भिंतीकडं जानार, अव्वा. ती शेवटी करतो. दिसत न्हाय कुनाला."

त्या तिथून हलल्या नाहीत. माझी बायको दारात शिलाईचे कपडे घेऊन उभी होती. ती पुढं आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. "तुम्हाला हितनं बघायचं होतं काय, अव्वा?"

तेव्हा त्या बोलल्या. "पयलीपासनं हिची येणी मीच घातली. कॉलेजला गेली तरी मीच. नोकरीला लागल्यावर म्हनली, अव्वा, आता माझी मी घालतो. म्हनलं, गप बस खाली. रोज सकाळी ती पुढं आन् मी मागं. तोंड तिचं लोकांनी बगितलं, पोरांनी बगितलं. मला ती मागनंच ठावी हाय."

मग त्यांनी विचारलं, "हात लावला तर चालतंय काय?"

कच्च्या मातीला मी कुणाला हात लावू देत नसे. मी उठून बाजूला झालो. त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही हात त्या गोळ्यावर ठेवले, केसांत घालावेत तसे. "हितं हाड वर येतंय. कानाच्या मागं. ह्या अंगाला." मी माती चढवली. "हितं खड्डा. गळ्यात तायताचा दोरा असायचा लहानपनी, तो हितं बसायचा." मी अंगठ्यानं दाबलं. "उजवा कान जरा पुढं." असं करता करता दुपार सरत आली. बायकोनं दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो तसाच गार झाला.

शेवटी अव्वा म्हणाल्या, "आन् मान अशी न्हाय हो. येणी वडली की ती मान अशी करायची, डावीकडं, जरा खाली. तीच सवं लागली. बोलताना बी तशीच."

मला तेव्हा उमगलं. त्या ग्रुप फोटोत फोटोग्राफरनं 'हलू नका' म्हटल्यावर सगळे जसे ताठ बसतात, तशी ती बसली होती. ते ताठपण मी पंधरा दिवस राबून मातीत उतरवलं होतं. मी तार घेऊन मानेखालची माती कापली, सळई जरा वाकवली आणि डोकं बोटभर खाली, बोटभर डावीकडं कललं. चेहऱ्याला मी हात लावलेला नव्हता. तरी तो बदलला. डोळे, जे दोन आठवडे कुणाकडंच बघत नव्हते, ते समोरच्या कुठल्याशा खालच्या गोष्टीकडं बघू लागले.

अव्वा पुढच्या बाजूला आल्या. पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हां."

बायकोनं तांब्या आणि साबण आणला. त्यांनी हात मागं घेतले. "असू दे. जातो मी असंच." मनगटापर्यंत वाळलेली माती, तसेच हात मांडीवर ठेवून त्या एस.टी.नं कुरुंदवाडला गेल्या. बायको त्यांना स्टँडपर्यंत पोचवून आली.

एवढ्यावर सारं निस्तरलं नाही. तीन-चार दिवसांनी अप्पा आले. त्यांनी पुतळा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मान खाली का घातलीया?"

मी सांगितलं.

"न्हाय न्हाय. शिक्षिका हाय ती. शाळंत बसवायचा हाय. पोरांनी काय शिकायचं, मान खाली घालायला? ताठ पायजे. पयलं होतं तेच बरोबर होतं. करा परत तसं."

पुतळा सांगणारे ते होते आणि पैसे देणारेही तेच. त्यांचं म्हणणं गैर होतं असंही नाही. मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत मी कितीदा तरी तार हातात घेतली आणि खाली ठेवली. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "हे काम गेलं तर गणपती आहेतच की आपले. पण हे मोडलंत तर तुम्ही परत शाळेतच जाल, मला माहीत आहे."

अप्पा आले तेव्हा मी उभं राहून सांगितलं, "अप्पा, मान सरळ केली तर तोंड मला मुद्दाम बिघडवाय लागंल. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. तुमी दुसऱ्याकडनं करून घ्या. आजपतोरचं काय द्यायला नको."

मला वाटलं ते चिडतील. कोल्हापुरी माणूस, आवाज चढायला किती वेळ लागतो? ते स्टुलावर बसले. पुतळ्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्याम्होरं ती कायम ताठच उभारायची."

मी दुसरं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

"सकाळी आटला दुकान उघडायचो. घरला यायला नऊ. परीक्षंचा निकाल लागला की दुकानात यायची, गल्ल्याम्होरं उभारायची, मार्कं सांगायची आन् जायाची. नोकरी लागली ते बी तशीच सांगाय आली. ताठ." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. "घरात ती कशी असती, हे मला हिनं सांगाय लागतंय बगा."

ते उठले. जाताना म्हणाले, "असू द्या. हाय तसं ओता."

पुतळा ब्राँझमध्ये ओतला आणि शाळेच्या व्हरांड्यात बसला. मागची बाजू दिसेल असा भिंतीपासून चार हात पुढं घेतला. ते अप्पांनीच गवंड्याला सांगून करून घेतलं होतं. कार्यक्रमात भाषणं झाली, त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतात त्या दोन मुली, आठवी-नववीतल्या. हार घालून झाल्यावर पुतळ्याजवळ रेंगाळल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "बाई वही तपासताना अशाच बघायच्या न्हवं गं?" अप्पा तिथंच उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि ते लगबगीनं नळाकडं गेले.

या कामानं माझा धंदा एकदम वाढला असं काही नाही. दोन हजार सालानंतर तर फायबरचे पुतळे महिन्याभरात करून देणारे बरेच झाले. पुतळ्याच्या कमिट्या फोटो आणि अनावरणाची तारीख घेऊन यायच्या. आम्ही आधी ज्याचा पुतळा त्याच्या घरी जाऊन बसणार, माणसांशी बोलणार म्हटलं की त्यातले निम्मे दुसरीकडं जायचे. दोन-तीन वर्षं तर आम्ही निव्वळ गणपतीवर काढली. बायको अजून म्हणते, तुमचं एक काम व्हायला लोकांच्या घरी शंभर कप चहा प्यावा लागतो. कला महाविद्यालयातली मुलं कधी शेडमध्ये येतात आणि यश कसं मिळवायचं, असलं काही विचारतात. मला त्याचं उत्तर येत नाही. मी त्यांना ही गोष्ट सांगतो. काही ऐकतात, काही फोन बघत बसतात.

पण एक गोष्ट मी त्या मुलांना सांगत नाही. 'माझ्याम्होरं ती कायम ताठच' हे अप्पांचं वाक्य ऐकल्यावर पहिल्याच रविवारी मी शाहूवाडीकडची गाडी धरली. तिथं गावात माझे वडील होते. नोकरी सोडल्याचं सांगायला मी त्यांच्यासमोर उभा राहिलो होतो, ताठ, आणि पाच मिनिटांत परत फिरलो होतो. त्यानंतर दोन वर्षं गेलो नव्हतो. त्या दिवशी ते भाताच्या खाचराचा बांध घालत होते. मला बघून म्हणाले, "मातीतच हात घालायचा होता, तर हितं काय कमी माती हाय?"

मी पँट वर दुमडली आणि खाचरात उतरलो. ते पुढं, मी मागं. संध्याकाळपर्यंत आम्ही दहा वाक्यंही बोललो नसू. पुढं दर महिन्याला जात राहिलो, सात-आठ वर्षं, ते असेपर्यंत. नोकरी सोडलीस ते बरं केलंस, असं ते कधीच म्हणाले नाहीत. एकदा फक्त शेडवर आले, सगळीकडं फिरले आणि म्हणाले, "पत्रा गळतोय की रं." दुसऱ्या दिवशी स्वतः वर चढून डांबर लावून गेले.

ते गेले तेव्हा भाऊ म्हणाला, "तू करशीलच त्यांचा पुतळा." मी हो म्हणालो. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अजून सांगाडा उभा केलेला नाही.