बेशरमीचं कुंपण

ऊसतोडीला जाताना भिवराबाईनं आपल्या शेळ्या सासूच्या हवाली केल्या होत्या. होळीनंतर ती गेवराईजवळच्या आपल्या गावी परतली, तेव्हा त्या ओळखू येईनात. पोटं खपाटीला गेलेली, माना लटलटत होत्या, उठताना मागचे पाय फाकत होते.

"आत्याबाई, काय चारलं तुमी?"

"म्या न्हाई चारलं. बेशरम खात्यात. हाकललं तरी तिकडंच पळत्यात."

तळ्याच्या वाटेवर मोहनरावांनी बेशरमीच्या फांद्या रोवल्या होत्या. वाट गावाची, पण त्यांच्या रानाला लागून. कुंपण सरकवत त्यांनी ती निम्मी गिळली होती. बाकी सगळं वाळलेलं, हिरवी तेवढी बेशरम.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "शेळी भुकेपोटी ती एकदा खाते, मग चटक लागते. विष मेंदूवर जातं. यावर औषध नाही. पाला तोंडाला लागू देऊ नका, तरच काही वाचतील."

गाभण शेळी वाचली नाही. तिला पुरून भिवराबाई तशीच मातीच्या हातानं मोहनरावांच्या दारात गेली. ते आईच्या सुजलेल्या गुडघ्यावर बेशरमीचं पान तेल लावून, शेकून बांधत होते.

"मालक, कुंपण काढा."

"अगं, औषधी झाड हाय ते. आईची सूज लई उतरली."

"मग काढा करून पाजा की त्यास्नी."

मोहनराव आईकडं न बघता पानावरची गाठ आवळू लागले.

"म्हंजे विख हाय, ते ठावं हाय तुमाला," भिवराबाई म्हणाली आणि वळली.

घरून तिनं कोयता उचलला, तर नवरा सोमेश्वर म्हणाला, "तोडू नगं. तुकडा पडंल तितं पुन्ना फुटंल." त्यानं कुदळ घेतली. दोघांनी भर उन्हात बेशरम मुळासकट उपटून खडकावर वाळत टाकली. मोहनराव धावत आले.

"पोलिसात देईन."

"द्या. वाट कुणाची, ते बी तितंच सांगा."

पोलीस आले नाहीत. पुढं मोहनरावांनी स्वतःच्या बांधावर तार ओढली. शेळ्या हळूहळू सावरल्या, पण त्यातल्या दोघींच्या माना आजही हलतात.

दिवाळीत मोहनरावांनी गड्याकरवी एक करडू पाठवलं. राग सोड, असा निरोप दिला.

भिवराबाईनं करडाला पाणी पाजलं आणि गड्याच्या हाती परत दिलं. "माझी दोन जिवांची मेली," ती म्हणाली. "हे त्येच्या आईकडं सोडा."