नौफलच्या नावाचा जंतू

समुद्राकाठच्या स्फाक्स शहराच्या मिठागरातलं ते लालसर पाणी नौफलनंच बाटलीत भरून आणलं होतं. "घे ताई, तुझ्या किड्यांना आहेर!" म्हणत त्यानं दात काढले, आणि त्याच हिवाळ्यात चोरून होडीत बसून इटलीला निघाला. होडी पोचली नाही. प्रेतही मिळालं नाही, की बुडाल्याचा दिवसही कळला नाही.

त्याची बहीण दलांदा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जंतू ओळखायचं काम करी. त्या पाण्यात तिला एक गुलाबी जंतू सापडला. माहीत असलेल्या कुठल्याच जातीत तो बसेना. नव्या जातीला नाव सुचवायचं ते शोधणाऱ्यानं. स्वतःचं देऊ नये असा संकेत, पण भावाचं चालतं. कबर नाही तर नाही, नाव तरी राहील! आईला तिनं तसं सांगूनही टाकलं. आईच ती, गल्लीभर सांगून मोकळी झाली.

पण नाव नुसतं छापून भागत नाही. तो जंतू जिवंत आणि निर्भेळ असा दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे पुढं कुणालाही मागवून ताडून बघता येतं. नाहीतर नाव कोणी धरत नाही. म्हणून दलांदानं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. वीज गेली की ती प्रयोगशाळेकडे धावायची. ईदच्या दिवशीसुद्धा जाऊन त्याला ताज्या खारट खाद्यावर ठेवून यायची.

मग तिनं नळी पाठवली होती त्या जर्मनीतल्या संग्रहातून फोन आला. बाई भली होती बिचारी.

"तुमच्या नळीत जो वाढतोय तो नवा नाही हो. मिठागरात नेहमी मिळतो तो, तोही गुलाबीच. तुमचा काही आम्हाला सापडला नाही."

दलांदानं गोठवलेल्या जुन्या नळ्या काढून एकेक तपासली. सगळीकडे तोच मेला उपरा! कधीतरी घुसला होता, भराभर वाढत होता, आणि ती दर वेळी त्यालाच उचलून भरवत राहिली. तिचा तो मागं पडत पडत संपला. तिच्याच हातानं! परत शोधावा म्हटलं, तर मिठागरावर भराव घालून कारखाना उभा. ती टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

घरी आई जेवणाला रव्याचं कुसकुस वाफवत होती. "लागलं का गं नाव?"

"आई, तो गेला. नळीत दुसराच आहे."

"गेला म्हणजे? तू तर भरवत होतीस ना त्याला?"

"दुसऱ्यालाच भरवत होते गं. कळलंच नाही मला."

झाकण आईच्या हातात तसंच राहिलं. "कधी गेला?"

"माहीत नाही."

"म्हणजे याचाही दिवस माहीत नाही," आई म्हणाली आणि तिनं झाकण परत भांड्यावर ठेवलं.